नदीनं ठेवून घेतलेला नारळ

आमच्या घरात बाकी कशात माझं फार चालत नाही. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा, ट्रॅक्टर बदलायचा का नाही, हे सगळं मालक ठरवतात. पोराचं लग्न पोरानं परस्पर ठरवलं, त्यात तर कुणाचंच चाललं नाही. पण नदी चढली की होडी पाण्यात घालायची का नाही, हे मी सांगायचे. हा शब्द माझा होता. सासूबाईंनी जाताना कानातल्या बुगड्या थोरल्या जावेला दिल्या आणि नदी मला दिली, असं मी गमतीनं म्हणते. पण गंमत नाही ती.

आमचं घर नीरेच्या या काठाला, अकलूजपासून जवळच. निम्मं रान मात्र पलीकडं. वाटणीत तसंच आलं. तिकडं ऊस, जनावरांच्या वैरणीला थोडं कडवळ आणि गोठा. वर-खाली दोन पूल आहेत, पण फिरून जावं लागतं, त्यापेक्षा होडी सोपी. आता पत्र्याची, सपाट बुडाची होडी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तीही नव्हती. मला पहिल्यांदा पलीकडं नेलं ते गुळाच्या काहिलीत बसवून. उसाचा रस आटवायची ती भली मोठी कढई पाण्यात सोडलेली, आत मी नवी साडी आवरून बसलेले, आणि दोन दीर बाहेरून पोहत ढकलतायत. काहील गरागरा फिरायची. पलीकडं पोचेपर्यंत मला माहेर कुठल्या दिशेला राहिलं तेच कळेना.

सासूबाई मला काठावर उभं करून म्हणायच्या, "पाण्याकडं बघू नगंस, पाण्याच्या पाठीकडं बघ." चढतं पाणी मधोमध फुगलेलं असतं, म्हशीच्या पाठीसारखं, आणि काडीकचरा त्याच्या दोन्ही अंगांनी काठाकडं घसरतो. उतरतं पाणी मध्ये खचतं, मग सगळा कचरा मधल्या धारेत गोळा होतो. चढत्या पाण्यात होडी घालायची नाही, उतरत्यात घालायची. एवढं कळलं की निम्मी नदी कळली, असं त्यांचं म्हणणं.

उरलेली निम्मी नारळावर.

पूर आला की आमच्याकडं बाया नदीची ओटी भरतात. खण, गहू, हळदकुंकू, नारळ. ओटी सगळ्याच भरतात, पण आमच्या घरात पुढं त्या नारळाचं काय होतं ते बघायची रीत आहे. नारळ धारेला लागून दिसेनासा झाला, तर नदी अजून तापलेली. आपल्याच काठाला येऊन लागला, तर तिनं ओटी परत केली, थांबायचं. आणि नारळ नजरेसमोर पाण्यात रेंगाळत राहिला, तर नदीनं ओटी ठेवून घेतली. मग खुशाल होडी घाला. सासूबाई गेल्यापासून ती ओटी मी भरत आले, नारळ मी सोडत आले, आणि माझ्या तोंडाकडं बघत मालक होडीची दोरी धरून उभे राहत आले. नदीकाठच्या बाईला यापेक्षा मोठं काय पाहिजे?

मग सून आली.

सून सोलापूरची, शुक्रवार पेठेतली. माहेरचं कापडाचं दुकान, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मी सांगायला नको. पाणी आलं की लग्नघरासारखी धावपळ. पिंपं भरा, घागरी भरा, बादल्या भरा. त्या घरातली ही पोरगी कॉलेजात असताना पोहायला शिकली, मग नाव वल्हवायला शिकली, आणि मग कोकणात कोलाडला, नदीच्या फेसाळत्या पाण्यातून पाहुण्यांना रबरी नावेत बसवून नेण्याच्या कामाला राहिली. तिथंच आमचा पोरगा मित्रांबरोबर सहलीला गेला आणि नावेतून पडला. हिनं त्याच्या जॅकेटचा पट्टा धरून त्याला वर ओढलं. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

म्हणजे बघा, नदीकाठी वाढलेला माझा पोरगा, आणि त्याला पाण्यातून काढला कुणी, तर पिंपातल्या पाण्यावर वाढलेल्या पोरीनं. हे मला लग्नाच्या आधीच बोचलं होतं.

स्वभावानं ती चांगली आहे. तेच तर अवघड. वाईट असती तर मी मोकळेपणी जळले असते. मी उठायच्या आत चुलीपुढं झाडून झालेलं असतं. सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडची रीत, ती तिनं पहिल्या दिवशीच उचलली. हिवाळ्यात नदी शांत असते तेव्हा ती आणि पोरगा प्लॅस्टिकच्या दोन होड्यांतून पाहुण्यांना फिरवतात. चार लोक येतात, हुरडा खातात, तिचं कौतुक करून जातात. तेही चालेल. पण पहिल्याच पावसाळ्यात तिनं माझ्या घाटावर काठी रोवली.

पाणी किती चढलं-उतरलं ते बघायला मी पायरीवर दगड ठेवायचे. साधा दगड. तिनं माझ्या दगडाशेजारी काठी रोवली आणि वर तांबडी रिबीन बांधली. रिबीन कशाला? तर लांबून दिसावी म्हणून. आणि दिसायची की! मालक सकाळी तंबाखू मळत घाटावर यायचे आणि आधी रिबिनीकडं बघायचे. मी पाण्याकडं बघतच नव्हते त्या दिवसांत, हे कुणीकडं बघतात तेच बघायचे.

"सूनबाई, काय म्हंतीय नदी?"

"उतरतीय मामा. वीतभर उतरली."

"मी हितंच उभी हाय," मी म्हणायचे.

"तुला काय इचारायचं? तू सदा नगंच म्हंतीस."

हे मात्र खरं होतं. मी नको म्हणायचे, कारण नको म्हटल्यानं कुणी बुडत नाही. पण नको म्हणायला माणूस लागतं, आणि ते माणूस मी होते.

ती पाणी बघायची तेसुद्धा निराळंच. काठावर पालथी पडून, हनुवटी जमिनीला लावून बघायची. उसाची टिपरी तोडून पाण्यात टाकायची आणि त्यांच्या मागं काठानं चालत जायची. गावातल्या बाया धुणं थांबवून बघत बसायच्या. "तुमची सून नदीशी बोलती वो," एकजण मला म्हणाली. मी म्हटलं, "नदी तिला काय बोलली ते मला तरी सांगा." सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला. नवतपाच्या नऊ कडक दिवसांत उकडायचं सोडून आमच्याकडं ओढे वाहायला लागले. वरच्या धरणाचं पाणी नव्हतं, सगळं ओढ्यानाल्यांचं. सुनेच्या मोबाईलवर धरणातून किती पाणी सोडलं त्याचे आकडे येतात, त्यात काहीच नव्हतं, आणि इकडं नदी तांबडी होऊन काठाला लागलेली. मोबाईल हलवून बघत होती बिचारी. मला जरा बरं वाटलं.

आमच्या घाटाच्या खालच्या अंगाला बंधारा आहे. पाणी अडवायला त्याच्या गाळ्यांमध्ये लोखंडी फळ्या बसवतात, त्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढतात, म्हणजे पुराचं पाणी खांबांमधून सरळ निघून जातं. माझ्या सगळ्या उमरीत पूर आला तो बर्गे काढल्यावरच आला. यंदा कुणाच्या ध्यानीमनी नसताना आला, आणि सगळे बर्गे जागच्या जागी. नदी त्यांच्यावरून चाललेली.

आणि म्हैस पलीकडं.

ती नुकतीच व्यालेली होती. रेडकू दोन दिवसांत दगावलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, पुढं ते नाहीच तर दूध द्यायचं कुणाला? मी तिच्यापाशी बसून बसून, अंगावरून हात फिरवून, आंबोण भरवून तिला माझी सवय लावली. मग ती माझ्याच हाताला दूध द्यायची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की लाथ. आदल्या दिवशी सकाळी मी धार काढून आले. दुपारी आभाळ फुटलं आणि संध्याकाळी जाता आलं नाही. खालचा पूल पाण्याखाली गेला. वरचा मोठा पूल मोकळा होता, पण त्याच्या वाटेवरचा ओढा रस्त्यावरून वाहत होता आणि पोलीस कुणाला सोडत नव्हते.

सकाळी उजाडतंय तोच पलीकडच्या बाईचा फोन आला. तिचं रान आमच्या रानाला लागून, घरही तिथंच. तिचं नि माझं जुनं आहे. प्रेम आहे, पण तिच्या म्हशी माझ्या म्हशींपेक्षा कायम थोडं जास्तच दूध देत आल्यात, निदान ती तसं सांगते.

"अगं, कास दगडावानी झालीय," ती म्हणाली. "मी गेले हुते बसायला, तर चरवी पार उकिरड्यात उडवली. लवकर ये बाई. आज न्हाय पिळली तर सड बसतील."

सड बसले म्हणजे त्या म्हशीचं दूध संपलं. ताप येतो, गाठी होतात. मी चप्पलसुद्धा न घालता घाटावर गेले.

नदी बघितली. मधली धार खचलेली होती. जलपर्णीचे गड्डे, उसाची पाचटं, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर, सगळं मधोमध एका रांगेत चाललेलं. माझ्या दगडापासून पाणी हातभर खाली. मनात सासूबाईंना हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "उतरतंय. घाला होडी."

मालकांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकता टाकता हात थांबवला. मी हो म्हणते आहे हे त्यांना खरं वाटेना. आणि मग त्यांनी काय करावं? वळून सुनेकडं बघितलं.

"सूनबाई?"

ती नदीकडं बघतच नव्हती. खाली बंधाऱ्याकडं बघत होती. "नको मामा."

"नगं?" मी म्हणाले. "जी बाई जलमभर नगं म्हणत आली ती आज व्हय म्हंतीय, आणि तुझं नगं?"

"उतरतंय हे तुमचं बरोबर आहे, आई. पण म्हणूनच नको. काल संध्याकाळी बंधारा पार बुडाला होता, पाणी वरून सपाट चाललेलं. आता उतरलंय तसं ते बर्ग्यांवरून खाली पडायला लागलंय. पडतंय तिथं उलटं फिरतंय बघा."

मी बघितलं. बंधाऱ्यावर पाण्याचं एक गुळगुळीत वाकण, आणि त्याच्या पायाशी पांढरी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, धोतर वाळत घातल्यासारखी. आवाजसुद्धा फार नाही. वरच्या अंगाला खडकात पाणी केवढं आरडतं, उडतं! हे तर गरीब दिसत होतं.

"व्हय, पण आपल्याला बंधाऱ्यावर कुटं जायचंय? होडी जायची पलीकडं."

"धार खाली ओढतेच की. वल्हं निसटलं एखादं, तर तिथंच जाणार ना."

"ह्यांच्या हातनं वल्हं निसटलेलं कुणी बघितलंय का?"

मालकांनी छाती जरा पुढं काढली. सून हळूच म्हणाली, "मामांचा खांदा..."

"खांद्याला काय झालंय?" म्हणत मालकांनी खांद्यावर हात ठेवला. वैशाखात झाडावरून उतरताना दुखावला होता, तो त्यांनाही आठवला.

पोरगा मध्ये पडला. "आये, ती सांगतीय तर ऐक की. तिनं असलं पाणी बघितलंय."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. तिनं बघितलंय! मी काय इतकी वर्षं विहिरीत बघत होते? मी तडक घरात गेले, खण घेतला, ओंजळभर गहू घेतले, हळदकुंकवाचा करंडा घेतला, कोनाड्यातला नारळ घेतला. परत आले तेव्हा घाटावर आठ-दहा माणसं जमलेली. चांगलं झालं, मनात म्हटलं, बघू देत सगळ्यांना.

पायरीवर बसून नदीची ओटी भरली. पदर डोक्यावर घेतला. "आई, पलीकडं मुकं जनावर तळमळतंय, वाट दे," म्हणून नारळ आणि खण धारेत सोडला. नारळ मधल्या रांगेला लागला. जलपर्णीबरोबर डुलत डुलत गेला, बंधाऱ्यावरच्या त्या गुळगुळीत वाकणावरून खाली घसरला आणि दिसेनासा झाला. पण लगेच पांढऱ्या रेघेत वर आला. आणि तिथंच राहिला. पुढं जाईना.

"ठिवून घेतला गं!" मागून एक बाई ओरडली. "नदीनं ठिवून घेतला!"

लोकांनी हात जोडले. मी नदीकडं बघायला पाहिजे होतं, पण मी सुनेकडं बघितलं. असं बघितलं की नारळ मीच पाण्याखाली जाऊन धरून ठेवलाय. मालक दोरी सोडायला वाकले.

सून माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. "मामा, दोरी सोडा, पण बसू नका अजून," म्हणाली, आणि मला म्हणाली, "आई, नारळ दिसतोय ना? बघा जरा. मी काही बोलत नाही."

आणि खरंच बोलली नाही. मी बघत बसले. माझाच नारळ, बघायला काय जातंय!

नारळ पांढऱ्या रेघेतून खाली जायला निघायचा, थोडा जायचा, आणि मग परत यायचा. परत म्हणजे वर, बंधाऱ्याकडं. नदी खाली वाहतीय आणि नारळ तिच्या उलटा, कुणी दोरीनं ओढल्यासारखा चालत येतोय. पडत्या पाण्याखाली गेला की गडप. बराच वेळ गडप. मग पुढं वर यायचा, आणि पुन्हा मागं. शेंडी गेली. थोड्या वेळानं माझा हिरवा खण वर आला, पिळून काढल्यासारखा, आणि परत आत गेला. मग मला बाकीचं दिसायला लागलं. एक प्लॅस्टिकचा कॅन. चपला. एक बाभळीची अख्खी फांदी, सोललेली, पांढरी. ही फांदी मी आदल्या रात्री झोपायच्या आधी बॅटरीच्या उजेडात घाटासमोरून वाहत जाताना बघितली होती. ती अजून तिथंच होती. रात्रभर नदीनं तिला बडवून बडवून साल काढली होती.

ओटीत घेतलेली वस्तू कुठली बाई अशी धोपटते?

पूर्वी बंधारा नव्हता, मग नंतर होता तरी पुराच्या वेळी बर्गे नसायचे. तेव्हा नारळ रेंगाळायचा तो धार मंदावली म्हणून. सासूबाईंचं खोटं नव्हतं. पण आज नदी नारळ ठेवून घेत नव्हती, त्याला सुटूच देत नव्हती. त्या फांदीच्या जागी मला मालकांची टोपी दिसली.

"बांधा ती होडी," मी म्हणाले.

मालक सोडलेली दोरी हातात धरून उभे. "आँ? आता काय झालं?"

"काय न्हाय. बांधा म्हंते न्हवं!"

"अगं पर ठिवून घेतला की नारळ!"

"तुमच्या सुनेला इचारा," मी म्हणाले आणि उठले.

खरं सांगते, जीव वाचल्याचा आनंद त्या क्षणी नव्हताच. माझी ओटी, माझा नारळ, माझ्या सासूची रीत, आणि त्यानं साक्ष दिली कुणाच्या बाजूनं? दुपारपर्यंत गावभर झालं, सुनेनं सासऱ्याला वाचवलं म्हणून. 'बांधा' मी म्हणाले होते. हे इथं लिहून ठेवते, कारण गावात ते कुणी धरलं नाही.

पण म्हैस तशीच होती. फोन परत वाजला. "अगं, ती हंबरतीय सारखी. मला बघवंना."

मी पायरीवर डोक्याला हात लावून बसले. सुनेनं विचारलं, "आई, ती तुमच्या हाताला पान्हा सोडते का आवाजाला?"

"मला काय म्हाईत? हात आणि आवाज मी एकदमच घेऊन जाते."

"मग आवाज पाठवून बघू या की."

तिनं पलीकडच्या बाईला फोनवर सगळं समजावलं. माझी जुनी साडी गोठ्यात खुंटीला असते, धारेच्या वेळी नेसायची. ती नेस. फोन स्पीकरवर लावून गव्हाणीवर ठेव, तिच्या कानापाशी. आंबोण पुढं घाल आणि बस. मग मोबाईल माझ्या हातात दिला. "बोला आई. रोज बोलता तसं."

आता मी म्हशीशी काय बोलते ते मी आणि म्हैस जाणतो. ते काय घाटावर आठ-दहा माणसांपुढं बोलायचं असतं? पण त्या मोबाईलमधून तिचा हंबरडा आला आणि मी लाज सोडली. "ये गं माझी राणी," म्हणाले. "ये गं माझं सोनं. मी हितंच हाय. उगी, उगी. कुणी मारलं माझ्या बाळीला? सोड गं बाई, सोड, मोकळी हो. माझी काळी चांदणी, माझी लाडाची..." हंबरणं थांबलं. मी बोलतच राहिले. आणि मोबाईलमधून आवाज आला, टिण, टिण, चरवीच्या बुडावर. मग तो आवाज जाड झाला, घुमायला लागला.

"सोडला गं! सोडला पान्हा!" पलीकडची ओरडली. घाटावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदरानं तोंड पुसलं.

मालक कानापाशी येऊन म्हणाले, "मला कवा म्हणाली न्हाईस गं, काळी चांदणी."

"तुमी कवा दूध दिलंय?" मी म्हणाले.

सगळे हसले, सूनही हसली, आणि मलाही हसू आलं. पण ते हसू ओठावरच होतं तोवर मनात आलं, धार तर तिनं काढली. माझी साडी नेसून.

"किती निघालं गं?" मी विचारलं.

"चरवी भरून वर फेस!"

"फेस नगं सांगूस. दूध सांग."

"अगं, तुला कवा एवढं निघालं नसंल बघ," ती म्हणाली, आणि ते बरोबर होतं, कारण दोन वेळचं साठलेलं होतं. पण ती ते बोलली नाही.

संध्याकाळी तसंच फोनवर केलं. ओढ्यानं रस्ता खरवडून नेलेला, पुलाची वाट बंदच, म्हणून दुसऱ्या दिवशीही दोन्ही वेळा तसंच. माझा आवाज रोज नदीपलीकडं जाऊन यायचा आणि मी या काठाला. दरम्यान पाणी खूप उतरलं, बर्ग्यांची डोकी वर दिसायला लागली. बंधाऱ्यावरच्या माणसांनी साखळ्या लावून मधले बरेच बर्गे ओढून काढले. पांढरी रेघ तुटली, पाणी खांबांमधून धडधडत सरळ जायला लागलं. पुढच्या सकाळी सुनेनं उसाची टिपरी टाकली. एकेक टिपरं खांबांमधून निघून थेट पुढच्या वळणाला गेलं. कुठं थांबलं नाही, उलटं फिरलं नाही. मीही बघत होते, मला कळत होतं.

लोक जमलेच होते. ती हात झटकत वर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आई, तुम्ही सांगा. घालायची का होडी?"

आता बघा. तिला ठाऊक होतं घालायची ते. मलाही ठाऊक होतं. तिनं विचारलं ते माझा मान राहावा म्हणून. गावातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, किती गुणाची पोर म्हणून. म्हणजे नदी कळण्यातही तीच पुढं, आणि मोठं मन दाखवण्यातही तीच. मला काही शिल्लक ठेवायचीच नाही का ही?

मी नदीकडं बघितलं. भुवई वर केली. सासूबाई करायच्या तशी मान एका बाजूला कलती केली.

"थांबा जरा," म्हणाले. "ऊन वर येऊ दे."

ऊन कसलं येतंय! आभाळ गच्च होतं. पण शब्द माझा होता, आणि सगळे बसले. मालक बसले, पोरगा वल्ही आडवी ठेवून बसला. सून माझ्याशेजारी बसली आणि तिनं माहेरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली, सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. एकदासुद्धा विचारलं नाही की ऊन आल्यानं पाण्याला काय फरक पडतो. मी सावकाश चावत होते. कितीतरी दिवसांनी सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. भाकरी लई गोड लागली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडची.

"थांब, आता बोलते तिच्याशी," मी म्हणाले. "बसलीस का धारेला?"

"घाई करू नगंस गं," ती म्हणाली. "दूध काढून झालं."

"झालं? फोन कुटं केलास?"

"मोबाईल चार्जिंगला हुता घरात. म्हटलं, बघावं बसून. हात लावला तर सोडला की तिनं पान्हा! गरीब हाय गं तुझी म्हस. तू उगंच म्हंतीस लाथा मारती."

"साडी नेसली हुतीस ना माझी?"

"न्हाय गं, ती भिजलीय, वाळत घातलीय."

मी उठून उभी राहिले. हातातला भाकरीचा तुकडा तसाच.

"काढा होडी," म्हणाले.

मालकांनी आभाळाकडं बघितलं. "ऊन?"

"आलं वर. काढा!"

सुनेनं ते नारिंगी जॅकेट माझ्या अंगात घातलं, पट्टे आवळले. हसली नाही. हसली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. पोरगा आणि ती वल्ह्यावर, मालक मागं, मी मध्ये फळीवर. "जोरात मारा," मी म्हणत होते. मधल्या धारेला होडी थोडी खाली ओढली गेली तेव्हा सून म्हणाली, "आई, पाण्याकडं बघू नका, भोवळ येईल. पलीकडं बघा."

मी पलीकडंच बघत होते. गोठ्याच्या दारात ती उभी होती, आणि माझ्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.